कोनाडा लिंपला, वनिता

तू गेलीस त्याच्या आदल्या दुपारी मुरबाडच्या दवाखान्यात, सलाईन संपत आलेलं असताना, मला विचारलंस, "जाऊबाय, त्या टायमाला नर्सबाईनं तुमाला काय सांगितलं होतं?"

मी म्हटलं, "कुठल्या टायमाला गो? मला नाय आठवत."

तू माझ्याकडे बघत राहिलीस. तापानं डोळे काचेसारखे झाले होते, पण नजर शुद्धीवर होती. मग तोंड भिंतीकडे फिरवून म्हणालीस, "बरं. आठवलं की सांगा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पेजेचा डबा घेऊन आले, तर तुझी कॉट मोकळी होती आणि वॉर्डातली बाई गादी उलटी करत होती.

तेव्हापासून ते वाक्य घरात माझ्या मागे फिरतं आहे. भात वैरताना येतं, गोठ्यात येतं. मी कमी बोलणारी बाई, तू नेहमी म्हणायचीस, जाऊबायच्या तोंडातून शब्द काढायचा म्हणजे विहिरीतून पोहरा काढायचा. तो पोहरा आज काढते आहे. आपणहून काढत नाही, हेही खरं सांगते. काढायची पाळी आली आहे.

तुझं तेरावं झालं त्या संध्याकाळी आई, आपल्या सासूबाई, चुलीजवळ बसल्या होत्या. आमच्या महेशच्या बायकोला, अश्विनीला, पाचवा लागला हे तुला माहीत होतं. तिच्या पोटाकडे बघत आई म्हणाल्या, "आता कोनाड्यात दोन चिमटी ठेवायला लागतील. एक थोरलीची, एक वनिताची. तिची पण दोन गेल्यात. तिचा जीव पोरांत अडकलेला असणार."

अश्विनीनं पदर पोटावर ओढून घेतला. तुझ्या नावाला भिऊन. जिला तू डोहाळ्यांची करवंदं आणून दिलीस ती पोरगी. तुझी रेश्मा दाराशी उभी होती, तिनं हे ऐकलं आणि मागे वळली.

वनिता, तुला कोनाड्यात बसवायला निघाले होते.

त्या कोनाड्याची गोष्ट तुला पहिल्यांदा मीच सांगितली होती. तू उंबरमाळीहून लग्न होऊन वैशाखऱ्याला आलीस त्याला दोन महिने झाले असतील. चुलीच्या खोलीतला मागच्या भिंतीतला कोनाडा आणि त्यातली पितळी डबी. मी सांगितलं, मामंजींची पहिली बायको पोटुशी असतानाच गेली, तिला आमी थोरली म्हणतो, डबी तिची. तिला मिश्रीची भारी आवड. स्वतःचं पोर मिळालं नाही म्हणून तिचा डोळा घरातल्या पोरांवर. सुनेला पाचवा लागला की दर मंगळवारी तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजायची, चुरून डबी भरायची, आणि पहिली चिमूट पोटुशीनं त्या डबीतून घेऊन दातांना चोळायची. एका डबीतली लावली की दोघी मैत्रिणी होतात. मैत्रिणीचं पोर ती नेत नाही. आणि नववा लागला की घरात भाजणं बंद, कारण ती वासावर येते.

तू म्हणालीस, "आमच्याकडं भुताला नारळ लागतो. तुमचं भूत दात घासतं व्हय?"

मी इतकी हसले की ओटीवरून आईंनी विचारलं, काय खिदळताय गो दोघी. त्या घरात मला हसवणारं तोवर कोणी आलं नव्हतं.

तुझ्या माहेरी कुणी मिश्री लावत नसे. पहिल्या मंगळवारी तू लावलीस आणि घेरी येऊन अंगणात बसलीस. मी तुझी पाठ चोळली, तोंडावर पाणी मारलं आणि म्हटलं, "होईल सवय." झाली. पुढे पुढे मंगळवारची वाटही बघेनाशी झालीस, सकाळी उठल्यावर पहिला हात तुझ्या स्वतःच्या डबीकडे. मी तेव्हा मनात म्हटलं, आता ही खरी आमच्यातली झाली.

भाताच्या आवणीत आपण दोघी बांधावर भाकरी खायला बसलो होतो. तू पोटावर हात ठेवून म्हणालीस, "जाऊबाय, मिश्री लावली की हे आत गप पडतं. लई वेळ हलतच नाय. मग एकदम उडतं, घाबरल्यागत."

मी म्हटलं, "झोपतं गो. आईला काम असताना झोपलेलं बरं."

तुझ्या अंगानं तुला सांगितलं होतं, आणि तू मला सांगितलंस. मी ते चेष्टेवारी नेलं. तेव्हा मला खरंच माहीत नव्हतं. एवढी एकच वेळ अशी आहे, जिच्याबद्दल मी तुझ्यापुढे मान वर करू शकते.

नवव्यात माझी स्वतःची डबी संपली. भाजायला बंदी होती आणि माझं डोकं सकाळपासून ठणकत होतं. दुपारी सगळी आडवी झालेली बघून मी गोठ्यामागे तीन दगडांवर तवा ठेवला. तंबाखू भाजताना धूर घशात उतरतो, खोकला आवरत नाही, मी पदर तोंडात कोंबून बसले होते. मग शेणाने हात घासले आणि आत आले. तू उठून बसली होतीस.

"जाऊबाय, वास येतोय."

"मला नाय येत."

"भाजल्याचा वास. कुणी भाजली?"

"कोण भाजणार? पड तू."

आई दारातून आल्या, नाक वर करून हुंगलं आणि कोनाड्यापुढे जाऊन हात जोडले. संध्याकाळपासून तुला कळा सुरू झाल्या. दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर मुलगी झाली. सुईणीनं उलटी धरली, पाठीवर थापटलं, गार पाणी शिंपडलं. नखं आली होती, डोकीवर केस होते, हातपाय मात्र काटक्या. ती रडली नाही. आई म्हणाल्या, "काल वास आला तेव्हाच मला कळलं."

तो वास माझ्या तव्याचा होता. हे वाक्य लिहायला मला इतकी वर्षं लागली.

तेव्हा मला वाटलं, मीच थोरलीला बोलावलं. पंधरा दिवस मी कोनाड्यासमोरून डोळे खाली घालून जायचे. मग तुला अशक्तपणाच्या चकरा यायला लागल्या म्हणून आपण एसटीनं टोकावड्याला नर्सबाईकडे गेलो. तू आत बाकावर पडली होतीस. ती मला बाहेर पडवीत घेऊन आली. तू खिडकीतून बघत होतीस, मला दिसत होतं. ती काय म्हणाली ते मला शब्दन् शब्द पाठ आहे. पुढे सांगतेच.

परत येताना एसटीत तू विचारलंस, "एवढा वेळ काय म्हणत होती?"

"अंगात रक्त नाय म्हणाली. पालेभाजी खा म्हणाली."

"एवढंच?"

"एवढंच."

मी का नाही सांगितलं असं कोणी विचारलं तर मी आईंची भीती पुढे करीन. पण तुला खोटं कारण देणार नाही. तू यायच्या आधी मला एक मुलगी झाली होती. तू तिला पाहिलं नाहीस, घरात तिचं नाव कोणी काढत नाही, बारसंच झालं नव्हतं तर नाव कुठून असणार. तीही अशीच, काटक्यांची. ती थोरलीनं नेली असं मला सांगितलं होतं आणि मी त्या सांगण्यावर उभी होते. नर्सबाईचं बोलणं तुझ्या कानावर घालायचं तर ते आधी माझ्या कानात शिरणार होतं. पोर भुतानं नेलं असेल तर बाई रडून मोकळी होते. पोर आपल्याच बोटानं गेलं असेल तर ते बोट रोज सकाळी तोंडात घालायचं कसं?

म्हणून मी थोरलीला ठेवलं आणि तुला दिलं.

दुसऱ्या खेपेला तू इतकी भ्यालेली होतीस की मंगळवारची वाट न बघता रोज तिच्या डबीतली लावायचीस. मैत्री घट्ट व्हावी म्हणून. मी समोर बसून बघायचे. कितीदा ओठांपर्यंत आलं. एकदा तर मी तुझा हात धरला. तू विचारलंस, "काय?" मी म्हटलं, "काय नाय, बांगडी टिचलीय बघ."

मुलगा आठव्यातच आला. जिवंत. म्हाताऱ्यासारखी सुरकुतलेली कातडी, आवाज मांजराच्या पिल्लाचा. तो दूध ओढायचा आणि मधेच थांबायचा. श्वासच थांबायचा. ओठ जांभळे व्हायचे, आपण सगळ्या आपापले श्वास धरून बघत राहायचो, आणि मग तो एकदम खोल श्वास घ्यायचा. आई हळू आवाजात म्हणायच्या, "थोरली उचलून घेते त्याला. बघते आणि ठेवते."

मला ते दिसायला लागलं होतं, वनिता. तो थांबला की पाळण्याची दोरी ताणल्यासारखी वाटायची, कुणी वाकल्यावर होते तशी. श्वास आला की दोरी सैल. नर्सबाई येऊन बघून गेली, म्हणाली आत्ताच्या आत्ता मुरबाडला हलवा. भाऊजी कारखान्यात, महेशचे बाबा शेतावर. आई म्हणाल्या, पाचवी पुजल्याशिवाय पोर उंबरा ओलांडणार नाही. नर्सबाईनं माझ्याकडे बघितलं. मी पाळण्याकडे बघितलं.

पाचवीच्या आदल्या दिवशी भर दुपारी घरात भाजल्याचा वास आला. दाट, घशाला लागणारा. आई धावत गोठ्यामागे गेल्या, शेजारी विचारून आल्या. कुणीही भाजली नव्हती. मी तर नाहीच. मी पाळण्याजवळ बसले होते, माझे दोन्ही हात माझ्या मांडीवर होते. बाळ थांबलं. आपण वाट बघितली. त्या खेपेला तिनं परत ठेवलं नाही.

तो वास कशाचा होता ते मला आजही माहीत नाही. नर्सबाईचं ऐकून डबी बंद केली असती तर तो जगलाच असता असं कुणी सांगू शकणार नाही. पण तुला त्याच्यासाठी काही करता आलं असतं, आणि ते मी तुझ्यापासून काढून घेतलं.

तिसऱ्या खेपेला तू आपणहून म्हणालीस, "यंदा मंगळवारची मिश्री मी भाजते. तुमी दमता." मला बरंच वाटलं. सातव्यात असशील. माझी डबी सापडेना म्हणून मी थोरलीच्या डबीतली चिमूट घेतली आणि दातांना लावली. चटका नाही, झिणझिणी नाही. नुसती खारट राख. मी वळले तर तू मागे उभी.

"भाताच्या तुसाची हाय," तू म्हणालीस. "मीठ घातलंय. वासापुरती दोन पानं तव्यावर टाकते, मग उकिरड्यावर." आणि आवाज आणखी खाली आणून, "थोरलीला सांगू नका."

"तिला कळलं नसेल व्हय?"

"कळलं असतं तर बोलली असती. दोन महिने राख चोळतेय बिचारी."

मग माझा हात ओढून पोटावर ठेवलास. "बघा, गप नाय पडत आता. दिवसभर धिंगाणा." माझ्या तळहातावर आतून लाथ बसली. माझ्या दोन्ही बाळंतपणांत मला तशी लाथ कधी लागली नव्हती. तुला कुणी सांगितलं, मी विचारलं. तू म्हणालीस, "कोण सांगणार? दोनदा हेच केलं, दोनदा तेच झालं. या खेपेला दुसरं करून बघू म्हटलं."

रेश्मा झाली ती अशी बोंबलत झाली की रस्त्यावरून घाटाकडे निघालेल्या एसटीतल्या लोकांनी ऐकलं असेल. आई कोनाड्यापुढे साखर ठेवून म्हणाल्या, "थोरली पावली." आपण दोघींनी एकमेकींकडे बघायचं टाळलं, नाहीतर हसू फुटलं असतं. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात सुखाचा दिवस आहे, आणि तो तू मला दिलास, माझ्या खोट्यावरून चालत जाऊन.

तेव्हा तरी सांगायचं. दार उघडं होतं. मी स्वतःला म्हटलं, आता हिला कळलंच आहे, मग काय सांगायचं राहिलं? राहिलं होतं हे, की मला आधीच कळलं होतं.

पुढे मी अंगणवाडीत लागले. पोरांची वजनं करणं, खिचडी शिजवणं आणि महिन्यातून एकदा पोटुशींना गोळा करून तक्ता दाखवणं. तक्त्यावर विडी होती, तंबाखू होती, मिश्रीची डबी होती, सगळ्यांवर लाल फुली. मी पाठ केल्यासारखं बोलले, आणि बोलताना माझ्या तोंडात सकाळच्या मिश्रीची चव होती. मागच्या रांगेत रेश्माला मांडीवर घेऊन तू बसली होतीस. घरी येताना विचारलंस, "हे तुमाला कधी कळलं, जाऊबाय?"

"ट्रेनिंगला सांगितलं. आताच."

"हां," तू म्हणालीस आणि पुढे चालू लागलीस. त्या दिवसानंतर तू कधी माझ्यापुढे केस सोडून तेल लावून घ्यायला बसली नाहीस. भांडली नाहीस, बोलणं तोडलं नाहीस. फक्त तेल स्वतः लावायला लागलीस.

आणि दर दिवाळीआधी भिंती लिंपताना आपला तोच वाद.

"जाऊबाय, हा कोनाडा बुजवून टाकू."

"राहू दे गो. कुणाचं काय अडलंय त्याच्यावाचून?"

"अडलं नाय म्हणूनच म्हणते."

मी तुझं मनगट धरायचे. तू कोनाड्याच्या कडेपर्यंत माती आणून थांबायचीस, हात झटकायचीस आणि म्हणायचीस, "यंदा नाय तर पुढच्या वर्षी." मला वाटायचं, हट्टी आहे. तू तर मला दर वर्षी एक संधी देत होतीस.

आता काल, मंगळवारी, काय झालं ते सांगते.

आईंनी अश्विनीला पाटावर बसवलं. मला म्हणाल्या, भाज. मी तवा चुलीवर ठेवला. तंबाखूची पुडी माझ्या कमरेला खोचलेली, गाठही सोडली नव्हती. आणि वास आला. तोच, घशाला लागणारा. रिकाम्या तव्यावरून.

आई म्हणाल्या, "आली. कोण आलीय?"

अश्विनीनं दोन्ही हात पोटावर घेतले. तिचे ओठ पांढरे पडले होते. ती पुटपुटली, "वनिताकाकी, नको."

तुझं नाव त्या सुरात ऐकलं आणि माझ्यातलं काहीतरी मोडलं. मी तवा खाली उतरवला आणि म्हटलं, "कोणी पण येऊ दे. वनिता नाय ती. वनितानं कुणाचं पोर नेलं नाय, तिची नेली ती आपण." आणि मग मी नर्सबाई म्हणाली होती ते बोलले, जसंच्या तसं: बाई, भाजली तरी तंबाखू ती तंबाखूच. हिरडीतून ती रक्तात जाते, रक्तातून नाळेत. पोर आत उपाशी राहतं, लहान राहतं, बाहेर आल्यावर त्याला श्वास पुरत नाही. दर वेळी असंच होतं असं नाही, पण हिच्या बाबतीत मला तेच दिसतंय. पुढच्या खेपेला डबी बंद. तुम्ही मोठ्या आहात, तुम्हीच सांगा तिला.

रेश्मा माझ्या मागे उभी होती. तिनं विचारलं, "काकी, हे तुला आईनं विचारलं होतं?"

"हो."

"मग तू काय सांगितलंस?"

"आठवत नाय म्हटलं."

ती रडली नाही. माझ्याकडे तुझ्यासारखी बघत राहिली.

मग आई, कधीही आवाज खाली न आणणाऱ्या आपल्या आई, अगदी लहान पोरासारख्या आवाजात म्हणाल्या, "मग माझी पोरं गेली ती कुणी नेली?"

मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की थोरलीला त्या घरात कुणी ठेवलं होतं आणि कशासाठी. त्यांनी कोनाड्यातली डबी काढली, पदरानं पुसली, उघडून बघितली. तळाला राख होती. तुझी, खारट. त्या बोटानं थोडी चाखून म्हणाल्या, "ही तर वनितानं रेश्माच्या टायमाला भरलेली. तेव्हाच कळलं होतं मला." आणि डबी मांडीवर घेऊन बसून राहिल्या.

आज सकाळी रेश्मानं माती मळली. आम्ही दोघींनी कोनाडा बुजवला. कडेला तुझ्या हाताचा शेवटचा थर होता, चार बोटांच्या रेघा, जिथे मी तुला थांबवायचे तिथेच थांबलेल्या. रेश्मानं तिथून पुढे हात फिरवला. डबी आईंनी दिली नाही, उशाशी ठेवली आहे. मी त्यांना काही म्हटलं नाही. मिश्री मी सोडली आहे असंही लिहीत नाही. आज लावली नाही, एवढंच खरं आहे. तुला आणखी एक खोटं नको.

अश्विनी आत झोपली आहे. भिंत अजून ओली आहे आणि वास येतोच आहे, मातीच्या वासातून वेगळा कळतो. थोरली असेल. ती पोट घेऊन गेली तेव्हा तिच्याही हातात हीच डबी होती, आणि तिलाही कोणी सांगितलं नव्हतं. तिला आता बसायला जागा नाही, तर घरात हिंडेल बिचारी. हिंडू दे.

तू असशील तर ये, वनिता. दार लोटलेलं आहे, कडी घातलेली नाही. घरात आता तुझ्या नावाला भिणारं कोणी नाही. मी तेलाची वाटी घेऊन चुलीजवळ बसले आहे. तू विचारलंस ते मला आठवत होतं.